मुशीचं तेल प्यायलेली चार्जर

मी चार्जर बोलतेय. बसा, नाहीतर उभ्यानं ऐका, पण मधे बोलू नका. पंचेचाळीस वर्षं माझ्याबद्दल दुसरेच बोलत होते आणि मी खोपीत उभी राहून ऐकत होते. आता माझी पाळी.

माझा जन्म ऑस्ट्रेलियातला, बहात्तर सालचा. सहा सिलिंडर, सव्वाचार लिटरचं इंजिन, दोनच दारं, आणि पाठ उतरत्या छपरासारखी. माझ्या जातीच्या गाड्यांना ‘मसल कार’ म्हणतात. साध्या माणसाच्या गाडीत पैलवानाचं काळीज बसवलं की झाली मसल कार. ही रीत अमेरिकेनं सुरू केली. त्यांनी इंजिन मोठं करत नेलं. माझ्या देशातल्या लोकांनी माझं वजन कमी ठेवलं आणि सहा सिलिंडरमध्येच जोर कोंबला. दोन देश, दोन डोकी. एवढं लक्षात ठेवा, पुढे चढ आहे.

मुंबईला मी आले ती परदेशी वकिलातीतल्या एका साहेबाबरोबर. तो परत जाताना मला इथेच विकून गेला. मला घेतलं आत्मारामनं. हा मुरुडचा, दापोली तालुक्यातल्या समुद्राकाठच्या मुरुडचा. मालवाहू जहाजावर इंजिनात तेल घालायच्या कामाला होता. साहेबलोक मला बाहेरून बघायचे, यानं आधी बॉनेट उघडलं, कान लावला आणि म्हणाला, “ही खरं बोलते.” तिथेच मी त्याची झाले.

शहात्तर साली तो मला चालवत गावी घेऊन आला. मग काय, म्हातारे रांगेत. दापोलीला जायचं, मामलेदाराकडे जायचं, पाव्हण्यांकडे मिरवायला जायचं, आत्मारामची गाडी होतीच. त्याचा बाप पुढे बसायचा, धाकटा भाऊ रावजी मागे. सगळा गाव एकेकदा बसून झाला. बसली नाही ती फक्त कमळा. आत्मारामची बायको.

बावीस वर्षांची होती. सासऱ्याचं म्हणणं, सुनेनं नवऱ्याच्या शेजारी बसून गावातून जायचं म्हणजे लाज सोडायची. मागच्या सीटवर बसायचं तर तिथे दीर. झालं. तीन वर्षं ती अंगणात उभी राहून मला जाताना आणि येताना बघत राहिली. आत्माराम कुजबुजायचा, पुढच्या सुट्टीत बघू, हर्णै बंदरापर्यंत जाऊ, बाबांना सांगतो. सांगितलं नाही. समुद्रात सहा-सहा महिने काढणारा माणूस, पण बापापुढे तोंड उघडेना. मला तो आवडायचा, म्हणून हे लपवणार नाही.

एकोणऐंशी साली जहाजावर चढण्याआधी त्यानं मला होड्यांच्या खोपीत उभं केलं आणि कमळाला एक काम शिकवलं. थांबलेलं इंजिन एका जागी राहिलं की आतून चिकटून बसतं. म्हणून जहाजावर नांगर टाकल्यावरसुद्धा ते थोडं थोडं फिरवतात. तर दर अमावास्येला प्लग काढायचे, भोकांत होडीच्या इंजिनाचं तेल दोन-दोन चमचे सोडायचं, आणि इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या चाकीला मोठा पान्हा लावून अर्धा फेरा द्यायचा. अमावास्याच का? तर त्या दिवशी आमच्याकडे कुणी होडी लोटत नाही, खोपीकडे माणूस फिरकत नाही आणि बाईला कुणी विचारत नाही की इथे काय करतेस.

तो गेला, आणि परत आली ती त्याची पेटी. जहाजावरच तापानं गेला होता.

चौदाव्या दिवसापासून घरात माझ्याविषयी बैठका सुरू झाल्या. कोण चालवणार, कुठे ठेवणार, विकायची का. ठरलं काहीच नाही. आमच्या मोठ्या माणसांना ठरवता येत नाही. त्यांना फक्त दुसऱ्याचं ठरलेलं मोडता येतं. मी खोपीत तशीच राहिले.

कमळा मात्र पहिल्या अमावास्येला पान्हा घेऊन आली. पदर खोचला, दोन्ही हातांनी जोर लावला, आणि मला अर्धा फेरा दिला.

वैशाखात होड्या वर ओढल्या की त्यांना मुशीचं तेल चोपडतात. मुशी म्हणजे लहान शार्क, तिच्या काळजाचं तेल. वास असा, की माणूस लांबूनच रस्ता बदलतो. कमळानं होडी चोपडली आणि उरलेलं तेल घेऊन माझ्याकडे वळली. तिला गाडीतलं कळत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं, की समुद्राच्या वस्तूला किनाऱ्यावर ठेवायचं तर तेल पाजायलाच हवं, आणि मी समुद्रावरच्या माणसाची वस्तू. कुंचल्यानं तिनं माझी पत्र्याची पोटं, दारांची आतली बाजू, खालची तळी, सगळं चोपडून काढलं. दरवर्षी. न चुकता.

गाव हसला. रावजी सगळ्यांत जास्त हसला. “वयनीनं गाडीचं कालवण केलंन,” असं तो तीस वर्षं सांगत होता, आणि ऐकणारेही तीस वर्षं नव्यानं हसत होते. मांजरं मात्र माझ्याजवळून हलायची नाहीत. माझी पहिली इज्जत मांजरांनी केली.

आता रावजीचं. हा लोट्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता, राहायला खेडला. तिथे त्याची दोस्ती गंगाराम शेटशी. शेटचं बाजारपेठेत मोठं दुकान, आणि दुकानामागे बंद गॅरेजात एक मस्टँग. अमेरिकेची, एकोणसत्तर सालची, आठ सिलिंडर, पावणेसहा लिटर. तिचं नाव रानघोड्यावरून, माझं लढाईतल्या घोड्यावरून. तिचं स्टिअरिंग डावीकडे, माझं उजवीकडे. म्हणजे आमच्या रस्त्यावर एसटीच्या मागे अडकली की तिच्या चालकाला समोरचं काही दिसणार नाही. शेजारी बसलेल्यानं मान बाहेर काढून सांगायचं, या, या, थांबा.

या दोघांनी आमची तुलना करण्यात हयात घालवली. दर रविवारी, चहावर. कुठलंसं जुनं कॅलेंडर समोर ठेवायचं आणि घोडे मोजायचे. अमेरिकेची ताकद किती, ऑस्ट्रेलियाची किती. कुणाचा वेग जास्त, कुणाचा पत्रा जाड. तीस वर्षं! आणि एकानंही एकदा चावी फिरवून बघितली नाही. शेट दसऱ्याला मस्टँगला हार घालायचा, मेण लावून चमकवायचा, आणि परत जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून दार लावून घ्यायचा. वाऱ्याची झुळूकसुद्धा आत जाऊ द्यायचा नाही. तिला तो देवासारखा जपायचा. मला कमळा होडीसारखी जपायची. आमच्या दोघींतला खरा फरक एवढाच होता, आणि तो कॅलेंडरवर छापलेला नव्हता.

सगळ्यात चीड कशाची यायची सांगू? रावजी माझ्या घरचा. पण तुलनेत तो माझी बाजू कधीच घ्यायचा नाही. “आमची म्हणजे नक्कल हो शेट, असल तुमचीच.” दुसऱ्याच्या दारातलं ते सोनं आणि आपल्या दारातलं ते शेण, ही विद्या आमच्याकडे वडीलधारे पोरांना फुकट शिकवतात.

आणि पोरांतली एक शिकली नाही. शमिका. कमळाची नात. बाप, म्हणजे कमळाचा एकुलता मुलगा, मुंबईला नोकरीत, ही आजीजवळ वाढली. बारावीनंतर डिप्लोमाला गेली आणि दुसऱ्या वर्षी सोडून आली. दोन वर्षं तिच्याकडून इंजिनाची चित्रं काढून घेतली, पान्ह्याला हात लावू दिला नाही. तिनं विचारलं, तर सर म्हणाले, मुलींना पुढे ऑफिसातच बसायचंय. तिनं चित्रांची वही टेबलावर ठेवली आणि एसटी पकडली.

घरात सुतक. रावजी तेव्हा निवृत्त होऊन मुरुडला येऊन बसला होता, त्याला तर काम मिळालं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, पोरगी वाया गेली. ती खेडच्या एका गॅरेजात कामाला जाऊ लागली तर म्हणाला, आता तोंड दाखवायला जागा नाही. तोंड स्वतःचं, जागा स्वतःची, आणि लाज म्हणे पोरीमुळे.

गेल्या वर्षी रावजीनं जाहीर केलं, खोप पाडायची. मुरुडला पर्यटक येतात, त्यांच्या गाड्या लावायला फरशी घालायची. मला भंगारवाल्याला द्यायचं. लोट्याहून ट्रक येणार, गॅसकटरनं माझे चार तुकडे करणार.

शमिका म्हणाली, खोप मला द्या, मी इथे गॅरेज काढते, आणि पहिली गाडी हीच चालू करते.

रावजीनं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “एक अर्धवट शिकलेली, एक अर्धवट चाललेली. जोडी बरी जमली.”

तेव्हा खेडहून आलेला गंगाराम शेट तिथेच बसला होता. त्याला मजा सुचली. म्हणाला, इतकी वर्षं आपण बोलतोय, एकदा होऊनच जाऊ दे. दापोलीच्या वाटेवरचा आसूदचा चढ. खालून वर, दापोलीच्या सड्यापर्यंत, म्हणजे वरच्या सपाट माळापर्यंत. माझी मस्टँग आणि तुमची ही कालवणाची गाडी. ही वर पोचली तर खोप पोरीची. नाही पोचली तर तिथूनच ट्रकमध्ये. रावजी लगेच तयार झाला. त्याला वाटलं, मी सुरूच होणार नाही.

चार महिने मिळाले. शमिकानं मला उघडलं आणि दाराच्या आत बॅटरी मारून बघितली. मग नखानं खरवडलं. आत तेलाचा काळपट थर, आणि त्याखाली पत्रा जसाच्या तसा. तिनं फोनवर काहीतरी शोधलं आणि हसत आजीकडे धावली. माझ्या ऑस्ट्रेलियात, समुद्राकाठचे लोक जुन्या गाड्यांच्या दारांत गंज धरू नये म्हणून काय मारतात माहीत आहे? माशाचं तेल. अडाणी म्हणून जिला हसले, ती माझ्या माहेरची रीत न शिकता पाळत होती.

कमळा फक्त म्हणाली, “मग. होडीला लागतं ते हिला नको?”

इंजिन चिकटलं नव्हतं. चिकटेल कसं? पाचशे चाळीस अमावास्या, पाचशे चाळीस अर्धे फेरे. शमिकानं आधी ब्रेक केले, मग क्लच, मग टाकीत साखळी आणि खडे टाकून ती घुसळून घुसळून धुतली. रबर सगळं नवं. टायर पिकअपचे घातले. एका सकाळी चावी फिरवली. मी दोनदा खोकले, साठलेल्या तेलाचा निळा धूर सोडला, आणि बोलले. खरं बोलले. मांजरं पळाली. कमळा भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिनं तोंडाला पदर लावला.

मग तो दिवस. सकाळी सात, आसूदच्या पायथ्याला. सगळा मुरुड, अर्धा आसूद. मस्टँग टेम्पोवरून आली होती, लालभडक, पुढे झेंडूचा हार. शेटनं मेकॅनिक आणून तिचं इंजिन तेवढं चालू करून घेतलं होतं. देखणी, मान्य करते. तिच्या आठ सिलिंडरचा आवाज आला तेव्हा माझ्यासुद्धा काचा थरथरल्या. बाजूला भंगाराचा ट्रक उभा, चालक नितेश तंबाखू मळत होता.

रावजीनं गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे काही सुरू करायचं तर एक जाणता देवाला हाक मारून मागणं मागतो आणि बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्यानं मागितलं, शेटची गाडी सुखरूप वर जाऊ दे, कुणाची नजर लागू देऊ नको, आणि आमच्या पोरीकडून काय चुकलंमाकलं असेल तर पदरात घे. लोक म्हणाले, व्हय म्हाराजा. म्हणजे मी सुरू होण्याआधीच यानं माझ्या वतीनं माफी मागून टाकली.

तेवढ्यात माझं डावं दार उघडलं. कमळा आत बसली. नवं लुगडं, पिशवीत पाण्याची बाटली.

रावजी धावत आला. वयनी, उतर, हा काय पोरखेळ आहे, लोक काय म्हणतील, ब्रेक फेल झाले तर. ती समोर बघत राहिली. मग हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. बाईनं गाऱ्हाणं घालायची आमच्याकडे रीत नाही.

“बा देवा म्हाराजा, माज्या सासऱ्यान् मना हीत बसू दिलान नाय. आता मी बसलंय. हिला वर जाऊ दे, म्हंजे मना उतरायला नको.”

माणसं एकमेकांकडे बघत होती, कुणाचं तोंड उघडतंय याची वाट. मग ट्रकजवळून एकटाच आवाज आला. नितेशचा. “व्हय म्हाराजा.” जो मला कापायला आला होता, त्याचा.

मान म्हणून मस्टँग पुढे. शेट चालवत होता, उजवीकडे रावजी, समोरचा रस्ता सांगायला. पाच मिनिटांनी आम्ही निघालो. पहिलं वळण, दुसरं वळण. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना सुपारीच्या बागा आणि जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे बुटक्या भिंती. मला श्वास पुरत होता. शमिका गिअर बदलायची तेव्हा आधी माझं ऐकायची, मग हात टाकायची. आत्मारामचा हात तसाच होता. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

तिसऱ्या वळणावर मस्टँग उभी. मधोमध. बॉनेटमधून वाफ, आणि खाली पत्र्याचा तुकडा लोंबतोय. प्लास्टिकच्या आत कोंडलेल्या दमट हवेनं तिला आतून खाल्लं होतं. टाकीतला गंज पेट्रोलबरोबर वर आला, आणि शेटच्या सीटखालचा पत्रा असा खचला, की शेट स्टिअरिंगच्या वर फक्त डोळ्यांपर्यंत दिसत होता. वरून मेण चमकतच होतं. त्याला बाहेर काढायला बागेतले दोघे गडी लागले.

रावजी रस्त्यात उभा राहून हात हलवत होता. मागे घे, मागे घे, रस्ता बंद आहे.

ऐका. गाडीला पळणं कठीण नसतं. चढावर थांबून, मागे न घसरता, परत सुटणं कठीण असतं. शमिकानं हँडब्रेक ओढला. मस्टँग आणि गडगा यांच्यामध्ये जागा होती माझ्याएवढीच, वर चार बोटं. मी मस्टँगएवढी जड असते तर संपलं होतं.

“आजी, मागे घेऊ?”

“होडी लाटेवर असली की मागं घेतात काय गो?”

हँडब्रेक सुटला. एक वीतभर मी मागे गेले, आणि सहाच्या सहा सिलिंडरांनी एकदम जोर धरला. माझा डावा आरसा जांभ्यावर घासून तुटला, तुटू दे. रावजीला गटारात उडी मारावी लागली. पुढची तीन वळणं मला आठवतसुद्धा नाहीत. एवढंच आठवतं, की शेवटचा चढ संपला, सडा समोर मोकळा पसरला, वारा लागला, आणि कमळा पहिल्यांदा मोठ्यानं हसली. पंचेचाळीस वर्षांचं हसू होतं ते, दापोलीच्या नाक्यापर्यंत पुरलं. एसटीतले लोक वाकून बघत होते. शमिका हॉर्न वाजवत होती आणि रडत होती, दोन्ही एकदमच.

परत येताना तिसऱ्या वळणावर थांबलो. नितेशचा ट्रक वर आला होता. भंगार न्यायला आलेल्या त्याच साखळीनं मस्टँग ओढायचं चाललं होतं. रावजी चिखलानं माखलेला, गडग्यावर बसलेला. गुडघे धरून. मुरुड लांब होतं.

कमळानं काच खाली केली. “भावजी, मागं जागा हाय.”

तो आला. शहात्तर साली ज्या मागच्या सीटवर बसून त्यानं तिची जागा अडवली होती, तिथेच बसला. पुढे कमळा. गावातून आम्ही मुद्दाम हळू गेलो. त्याला गुदमरायला होत असावं, वास अजून होता. पण कालवणाचा विनोद त्यानं त्या दिवसापासून केलेला नाही.

आता मी खोपीत नाही, शमिकाच्या गॅरेजात राहते. जागा तीच, पाटी नवी. शेजारी मस्टँग आहे. शेटनंच आणून सोडली, खाली मान घालून. तुलना विचाराल तर सांगते: ती माझ्याहून कमी नाही. ती हरली नाही, तिला जपून जपून हरवलं. या वैशाखात कमळानं तिच्या तळाला पहिला कुंचला लावला. तिनं आधी नाक मुरडलं. आता मांजरं तिच्याही खाली झोपतात.

तुमच्या घरात कुणी किंवा काही थांबलेलं असेल, तर त्याची तुलना करत चहा पिऊ नका. त्याला हात लावा. अर्धा फेरा पुरतो. तेवढंही जमत नसेल तर निदान वाटेतून बाजूला व्हा. गटार जवळच असतं.

एक हिशेब शमिकानं केला होता. पाचशे चाळीस अर्धे फेरे म्हणजे दोनशे सत्तर पूर्ण. मला नुसती जागेवर चालू ठेवली तर तेवढे फेरे अर्ध्या मिनिटात होतात. कमळाची पंचेचाळीस वर्षं, माझं अर्धं मिनिट.

अमावास्येला ती अजूनही येते. पान्हा आणत नाही, चावी आणते. शेजारच्या सीटवर नाही, शमिकानं शिकवल्यापासून स्टिअरिंगवर बसते, आणि मला चालू करते. ते अर्धं मिनिट ती कान देऊन ऐकते.

मग ती गिअर टाकते. हर्णैपर्यंतचा रस्ता तिला आता पाठ झालाय.